फ्लेक्स छापायला देण्याआधी: मारहाणीवरचा विनोद कसा ओळखायचा, कसा काढायचा

ठाण्यात घोडबंदर रोडला ट्रॅफिकचा आवाज मोठा, म्हणून साउंडप्रूफ खिडक्यांना मागणी. त्यांच्या जाहिरातीसाठी ‘घरात काहीही होऊ द्या, शेजाऱ्यांना कळणार नाही’ अशी ओळ कुणालाही चटकन सुचेल. पण मार खाणाऱ्या बाईसाठी शेजाऱ्याने बेल वाजवणं ही कित्येकदा एकमेव मदत असते, आणि ही ओळ तीच मदत बंद करून विकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या साधारण २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्या तुमच्या गिऱ्हाईकही आहेत.

मजकूर आला की आधी विनोद साध्या वाक्यात लिहून काढा: कोण कुणाला मारतं, घाबरवतं, आणि हसायचं कुणाला. वाक्य लिहायला लाज वाटली तर ओळ तिथेच कापा. लाटणं घेतलेली बायको चालेल, असं समजू नका; मार तिथेही गमतीचाच ठरतो. हात उगारलेला नसला तरी तपासा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, टोमणे, मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून हिणवणं, पैसे अडवणं हेही येतं.

मग फ्लेक्सवरची फक्त मोठी अक्षरं वाचा. टीएमटी-एनएमएमटीच्या बसमधून जाणाऱ्याला तेवढीच दिसतात. खाली बारीक लिहिलेला ‘खुलासा’ कुणी वाचत नाही. काउंटरवरच्या मुलींचं मत मालकासमोर विचारू नका, त्या भिडेपोटी हसतील. एकेकीला वेगळं विचारा, आणि एकीलाही खटकलं तर बदला.

लागून गेलं असेल तर अख्खा फ्लेक्स उतरवा. नुसती पट्टी चिकटवली तर बॅकलिट बोर्डवर रात्री खालची अक्षरं दिसतात. पत्रकं पेपरात घालायला दिली असतील तर पेपरवाल्याला आदल्या संध्याकाळीच कळवा, पहाटे उशीर होतो. इन्स्टाग्रामवर पैसे देऊन चालवलेली जाहिरात वेगळी तपासून बंद करा. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेलं पूर्ण परत येत नाही, त्यामुळे तिथे माफी पाठवाच. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ नको. ‘मारहाणीची थट्टा केली, चूक झाली, जाहिरात काढली’ एवढं पुरे. खाली १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या, पण त्या मजकुरात ऑफर घालू नका.

दुसऱ्याची अशी जाहिरात दिसली तर बोर्डाचा फोटो, ठिकाण, तारीख आणि दुकानाचं नाव घेऊन ‘ॲस्की’कडे, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाकडे, तक्रार करा. व्हॉट्सॲप ७७१०० १२३४५. पैसे लागत नाहीत. लिंगभावाच्या घातक साच्यांबद्दलचे त्यांचे नियम जून २०२२चे आहेत, तक्रारीत त्यांचा उल्लेख करा. नुसतं ‘आक्षेपार्ह’ लिहू नका. खटकलेली ओळ जशीच्या तशी उतरवा.