थांबलेली ऋतुचित्रं पुन्हा सुरू करताना

बेळगावच्या आसपास चित्रं काढणाऱ्याला ऋतूंची मालिका सुचतेच. येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहिलं की खाली वैशाखातली उघडी ढेकळं, श्रावणातलं भात, सुगीतला पिवळेपणा आणि भात निघाल्यावर त्याच वावरात आलेला मसूर, असं सगळं वर्षभरात पाहायला मिळतं. सुरुवात उत्साहाने होते. मग नोकरी, लग्न, आजारपण यांत दोन-चार ऋतू हुकतात आणि पाहता पाहता कित्येक वर्षं जातात. परतायचं ठरवलंत की बहुतेकांचा पहिला विचार असतो, जिथे सोडलं तिथून पुढे. माझं मत वेगळं आहे. बाहेर आज जो ऋतू आहे, तिथूनच सुरुवात करा.

आधी जुनी चित्रं बाहेर काढा

सगळी चित्रं जमिनीवर मांडा. वर्षांच्या क्रमाने नको, शेतीच्या क्रमाने मांडा: रोहिणीची धूळवाफ (कोरड्या मातीतली) पेरणी, मृग, लावणी, गणपतीच्या आसपासचं पोटरीत आलेलं भात, कापणी, मळणी, रब्बी, शिमग्यातला पळस. कुठल्या जागा रिकाम्या आहेत ते लगेच दिसेल. बहुतेकांकडे थंडीची चित्रं भरपूर आणि भर पावसातली कमी असतात.

आपल्याकडच्या दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके किंवा बुरशी आलेली असू शकते. ओल्या फडक्याने पुसू नका. सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या, मग अंगणात नेऊन, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका. दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा.

जुन्या चित्रांवर नवा हात मात्र फिरवू नका. जुने रंग थोडे उडालेले असतात, ॲलिझरिन क्रिमसनसारखे गडद लाल तर जास्तच, त्यामुळे नवा पट्टा ठिगळासारखा उठून दिसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या वेळची तुमची नजर त्या चित्रात आहे. ती तशीच राहू द्या.

सामान तपासा

जलरंगाची ट्यूब आत वाळली असेल तरी फेकू नका. त्यातला डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. ट्यूब कापून गोळा पॅलेटच्या खणात ठेवा आणि पाण्याचे थेंब टाकून रात्रभर ठेवा. वाळलेला ॲक्रिलिक मात्र गेला म्हणून समजा. पोस्टर कलरला कुबट वास येत असेल तर तोही टाकून द्या.

कागदाची परीक्षा सोपी आहे. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. टिपकागदासारखा लगेच शोषला गेला तर कागदावरचं खळीचं संस्करण गेलंय. असा कागद कोळशाच्या रेखाटनासाठी किंवा पेस्टलसाठी वापरा. मालिकेसाठी नवा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) सुती कागद घ्या.

नवे रंग घेताना नावावर विसंबू नका. ट्यूबवर रंगद्रव्याचा कोड असतो. अल्ट्रामरीन हा गडद निळा म्हणजे पीबी २९. कोड जुळला तर जुन्या आणि नव्या चित्रांतलं निळं एकाच घरातलं वाटतं.

एकच धागा पक्का धरा

मालिका एकसंध ठेवायला आकार, जागा, रंग आणि शैली असं सगळं सारखं ठेवायची गरज नाही. तो आग्रह धरलात तर चार दिवसांत हात आखडेल. एकच गोष्ट धरा. मी जागा आणि तिच्यासोबत क्षितिजाची उंची धरायला सांगेन. क्षितिज कागदावर त्याच उंचीला असेल तर हात कितीही बदललेला असो, चित्रं शेजारी लावल्यावर एकमेकांशी बोलतात.

आणि जागाही बदललेली असेल. शहराच्या कडेच्या किती तरी वावरांत आता प्लॉटचे दगड आहेत, कंपाउंड आहे, नवा रस्ता आहे. मन म्हणेल, ते वगळून जुनंच काढू. तसं करू नका. पूर्वी जिथे भात होतं तिथे आज पत्र्याची शेड असेल तर शेड काढा, तिच्यावरचा पाऊस काढा. मधल्या वर्षांत इथे काय झालं ते मालिकेने सांगितलं पाहिजे, आणि ते सांगायला तुमच्याइतका जवळचा माणूस दुसरा कोण असणार?

हात मोकळा करा, मग मोठा कागद

बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णींनी कितीतरी विद्यार्थी घडवले, चित्रकार रवी परांजपे त्यांच्यातलेच. या मातीत रेखाटनाला मान आहे. तुम्हीही आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नुसत्या छाया-प्रकाशाच्या टिपणांनी हात मोकळा करा. रंग नंतर.

खरी अडचण पावसाळ्यात येते. घाटाकडच्या जांबोटी-कणकुंबीकडे कागद सुकतच नाही. त्याचा फायदा घ्या: ओल्या कागदावर ओला रंग सोडून दूरचे डोंगर आणि ढग एका दमात करा, कडा नंतर घरी. बसायला शाळेचा व्हरांडा किंवा बसथांबा पाहा. हिरवा ट्यूबमधून सरळ घेऊ नका, सगळं शेत प्लॅस्टिकचं दिसतं. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळा, गरजेला किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). लावणीनंतरचं कोवळं रोप पिवळसर असतं, श्रावणात ते गडद निळसर होतं, लोंबी आली की पुन्हा पिवळ्याकडे झुकतं. या तीन हिरव्यांतला फरक साधला की पावसाळ्याचा अर्धा भाग झाला. उलट उन्हाळ्यात गोकाककडे रंग ब्रशवरच वाळतो. पाण्याची फवारणीची बाटली जवळ ठेवा.

एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त नको, सावल्या सरकतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८९०-९१ मध्ये गव्हाच्या गंज्या रंगवताना उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपल्याकडे पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) गंज्यांवर हेच करता येतं: सकाळचा कागद वेगळा, संध्याकाळचा वेगळा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत.

वेळापत्रक तारखांवर बांधू नका, कारण पाऊस तारीख पाळत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याला आधीच विचारून ठेवा, "काका, कापणी कवा धरतायसा?" कापलेलं भात वावरात पसरलेलं असतं ते थोडेच दिवस. ते हुकलं तर पुढच्या सुगीपर्यंत थांबावं लागतं.

चित्र सुकल्यावर मागे मऊ पेन्सिलीने जागा, वेळ, नक्षत्र, वर्ष आणि रंगांचे कोड लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मग जुन्या चित्रांच्या रांगेत त्याच्या जागी ठेवा, आणि पुढचं रिकामं नक्षत्र कोणतं ते बघून पिशवी भरून ठेवा.