अल्पवयीन पेशंट इमर्जन्सीत "नको" म्हणतोय? या चुका टाळा

कॅज्युअल्टीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो सहीच्या शोधात. आईवडील फोन उचलत नाहीयेत आणि मुलाचा जीव किंवा हातपाय धोक्यात आहे, तर थांबू नका, अशा वेळी संमती गृहीत धरतात. पण जे आत्ता केल्याशिवाय चालणारच नाही तेवढ्यापुरतीच हं, बाकीचं आईवडील येईपर्यंत राहू द्या. एकाने फोन लावत राहायचं आणि कोणाला किती वाजता लावला ते लिहून ठेवायचं.

दुसरी चूक माझ्या हातून झालेली आहे. पंधरा वर्षांचा मुलगा, सायकलवरून पडलेला, "मला काही झालं नाही, घरी जाऊ द्या" म्हणून सारखा कॉटवरून उठत होता आणि मी त्याला समजावत बसले, घाबरलाय म्हणून. शर्ट घामाने चिंब, हात थरथरतायत, सगळं डोळ्यांसमोर होतं तरी डोक्यात आलं नाही. सिस्टरनी बोट टोचून शुगर बघितली तर ४२, म्हणजे फारच कमी! ग्लुकोज दिल्यावर थोड्या वेळाने तोच विचारतो, मी इथे कसा आलो? म्हणून नकार खरा धरायच्या आधी शुगर, ऑक्सिजन, डोक्याचा मार आणि नशा बघाच.

मुलाचीच सही घेऊन "स्वतःच्या जबाबदारीवर गेला" असं लिहिणं तर अजिबात नको, बहुतेक ठिकाणी १८ च्या आतल्याची अशी सही टिकत नाही. इंग्लंडमधल्या १९८५ च्या गिलिक केसचा दाखला बरेच जण देतात, पण तिथे ठरलं ते एवढंच की पुरेशी समज असेल तर १६ च्या आतलं मूल स्वतः होकार देऊ शकतं. जीव वाचवणारा उपचार नाकारला तर तिथलं कोर्टही तो नकार बाजूला ठेवू शकतं.

आणि प्लीज, घरच्यांसमोर विचारू नका. दोन मिनिटं एकटं बोला, "कशाची भीती वाटते?" एवढंच विचारा, बऱ्याचदा सुईची भीती असते नाहीतर घरी काहीतरी कळेल ही. उपचार करावाच लागणार असेल तर "करू का?" असं विचारून फसवू नका, सलाईन कुठल्या हाताला लावू ते विचारा, तेवढं तरी त्याच्या हातात राहतं.

आईवडीलच नाही म्हणाले तर एकट्याने वाद घालू नका, लगेच सीनियरला बोलवा, जीवावरचं असेल तर उपचार चालू ठेवा.

केसपेपरवर "पेशंट सहकार्य करत नाही" एवढंच लिहिलेलं असतं, पुढच्या शिफ्टला त्यातून काय कळणार? मूल जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा.