मायएसक्यूएल: इंडेक्स उडवण्याआधी लपवून बघा

मायएसक्यूएल या डेटाबेसात टेबलावर वर्षानुवर्षं साठलेले इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणाऱ्या सूच्या) प्रत्येक इन्सर्टला, म्हणजे नवी ओळ घालताना, ओझं होतात, पण उडवायला हात धजत नाही. कोटीभर ओळींच्या टेबलावरचा नेमका कामाचा इंडेक्स उडाला, तर तो परत बांधून होईपर्यंत फोन उचलत बसायचं. मायएसक्यूएल ८.० पासून यावर सोपा उतारा आहे.

१. मायएसक्यूएलसोबतच येणाऱ्या 'सिस' स्कीमातला 'स्कीमा_अनयूज्ड_इंडेक्सेस' हा व्ह्यू (तयार यादी) बघा. सर्व्हर सुरू झाल्यापासून न वापरलेले इंडेक्स तिथे दिसतात. काल रीस्टार्ट केला असेल तर ही यादी कवडीमोलाची.

२. संशयित इंडेक्स लपवा:

ऑल्टर टेबल ऑर्डर्स ऑल्टर इंडेक्स आयडीएक्स_पिनकोड इनव्हिजिबल;

ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) आता त्याच्याकडे बघणार नाही, पण इंडेक्स आतल्या आत अपडेट होत राहतो (म्हणून इन्सर्टचा वेग लगेच वाढेल अशी आशा ठेवू नका, तो ड्रॉपनंतरच, म्हणजे इंडेक्स उडवल्यावरच). कुठे काही रखडलं की तीच ओळ शेवटी 'व्हिजिबल' लिहून चालवा. पुन्हा बांधणी नाही, काम चुटकीसरशी.

३. महिनाअखेर जाऊ द्या, मगच ड्रॉप. माझा एक 'निरुपयोगी' इंडेक्स फक्त महिन्याच्या १ तारखेच्या जीएसटी रिपोर्टला लागत होता!

एक सांभाळा: एखाद्या क्वेरीत 'फोर्स इंडेक्स' (हाच इंडेक्स वापर, असा हुकूम) लिहून त्याच इंडेक्सचं नाव घेतलं असेल, तर तो लपवताच ती क्वेरी एरर देते. त्यामुळे आधी सगळ्या कोडमध्ये ते नाव शोधून घ्या, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या जुन्या क्रॉन स्क्रिप्टांसकट.