आयपीएमचा दिवस: जहाज बंदरात, आपण जहाजावर

क्रूझ जहाजावर पहिल्यांदा कामाला निघालेल्या मुलामुलींच्या मनात बंदरांची नावे घोळत असतात. माझ्या मनात मेक्सिकोचे कोझुमेल होते. जहाज तिथल्या धक्क्याला लागले त्या सकाळी मात्र सूचनाफलकावरील आयपीएमच्या यादीत माझा क्रमांक होता, आणि या तीन अक्षरांचा अर्थही मला ठाऊक नव्हता.

आयपीएम म्हणजे इन-पोर्ट मॅनिंग. जहाज धक्क्याला असतानाही आग लागू शकते आणि सगळेच प्रवासी काही फिरायला उतरत नाहीत, विशेषतः वृद्ध आणि व्हीलचेअरवरचे. म्हणून आग विझवण्यासाठी आणि लोकांना सुखरूप बाहेर काढण्यासाठी पुरेसे कर्मचारी आळीपाळीने जहाजावर थांबवले जातात. तुम्ही केबिन साफ करता की जेवण वाढता, यापेक्षा येथे तुमचा आपत्कालीन क्रमांक, म्हणजे संकटाच्या वेळी तुमचे काम कोणते हे सांगणारा क्रमांक, महत्त्वाचा असतो. म्हणूनच पाळी बदलायची असेल, तर तेच आपत्कालीन काम येणारा सहकारी शोधावा आणि वरिष्ठांची परवानगी आधी घ्यावी. मित्राने तोंडी होकार दिला म्हणून खाली उतरू नये. पहिल्याच करारात नोकरी धोक्यात येऊ शकते.

पहिल्या वेळी मला फार वाईट वाटले होते, हे मान्य करतो. पण पुढे मी या दिवसांची वाट पाहू लागलो. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार (एमएलसी) 24 तासांत किमान 10 आणि सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी. ती दोन तुकड्यांत मिळाली, तरी त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा असावा लागतो. तरीही सलग महिनोन्‌महिने सुट्टीविना काम केल्यावर शरीर थकतेच, आणि दुपारची ती शांत झोप फार मोलाची असते. एरवी रांग लागणारी क्रूची कपडे धुण्याची यंत्रे मोकळी मिळतात. कोझुमेलची घड्याळे भारताच्या साडेदहा तास मागे असल्याने सकाळी अकराला फोन केला, की घरी रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, जेवणे आटोपून सगळे बसलेले सापडतात. मद्य मात्र या दिवशी घेऊ नये, आणि उद्घोषणा ऐकू येणार नाही असे हेडफोन लावून झोपू नये.

सराव बहुधा अशाच वेळी होतात. प्रत्येक लाइफबोट तीन महिन्यांतून एकदा तरी कर्मचाऱ्यांसह पाण्यात उतरवून चालवावी लागते, आणि प्रवासी बाहेर असताना ते सोपे जाते. रिकाम्या कॉरिडॉरमधून, लिफ्ट न वापरता, केबिनपासून आपल्या नेमून दिलेल्या जागेपर्यंत एकदा स्वतः चालून पाहा. मी त्या दुपारी चाललो, दोनदा चुकलो, आणि तिसऱ्यांदा थेट पोहोचलो. आठवड्याभरानंतर सरावासाठी सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला, तेव्हा मला कोणालाही रस्ता विचारावा लागला नाही.