कामावर रेंज नाही, सेव्ह केलेलं पानही उघडत नाही? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये आत गेलं की रेंजची काडी खाली येते. चारी बाजूंनी आणि डोक्यावर पत्रा असला की लहरी आत यायला जागाच उरत नाही. जांबोटी सोडून कणकुंबी, चोर्ला घाटाच्या दिशेने निघालं की मधल्या पट्ट्यांत नेट पुरतं जातं. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर जाणाऱ्या आशाताईंना आणि लाइनमनना तर हे सांगायलाच नको. म्हणून लोक लागणारी पानं घरूनच फोनमध्ये सेव्ह करून नेतात. हे शहाणपणाचंच आहे. पण ऐन वेळी पान उघडत नाही आणि सगळा दोष रेंजला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा ते पान फोनमध्ये आलेलंच नसतं, किंवा अर्धंच आलेलं असतं.

म्हणून आधी तपासणीचं सांगतो. पान सेव्ह केलं की घरीच फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते पाहा, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि ते पान पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत खाली सरकवा. या तपासणीत जे दिसेल तेवढंच तुमच्याकडे आहे असं समजा. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बुकमार्कलाच सेव्ह समजणं. चांदणीवर बोट टेकवलं की फक्त पत्ता साठतो, मजकूर नाही. टॅब उघडा ठेवून निघण्याचंही तसंच. दुसरी दोन-तीन ॲप उघडली, कॅमेरा वापरला, की फोन मेमरी मोकळी करायला तो टॅब सोडून देतो आणि परत गेल्यावर पान नव्याने मागवायला लागतो. अँड्रॉइडवर क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले की वरच्या ओळीत खाली जाणारा बाण दिसतो, तो दाबा. पान ‘डाउनलोड्स’मध्ये जातं आणि नेट नसताना तिथूनच उघडायचं असतं. पुन्हा पत्ता टाइप करण्यावर विसंबू नका. आयफोनवाल्यांनी सफारीची रीडिंग लिस्ट वापरावी, पण सेटिंग्जमध्ये सफारीखाली ‘ऑटोमॅटिकली सेव्ह ऑफलाइन’ हे बटण चालू करावं. ते बंद असेल तर लेख आपोआप फोनमध्ये उतरत नाही.

आता अर्ध्या पानांबद्दल. आजकालच्या साइट चित्रं आधी आणत नाहीत, आपण खाली सरकू तशी आणतात. वरचा भाग बघूनच सेव्ह केलं तर खालच्या आकृत्यांच्या जागी करड्या चौकटी येतात. म्हणून आधी सावकाश शेवटापर्यंत जा, ‘पुढे वाचा’ असेल तिथे दाबून मजकूर उघडा, लेख दोन-तीन पानांत तोडलेला असेल तर प्रत्येक पान वेगळं घ्या. पानात बसवलेला व्हिडिओ मात्र यातल्या कशानेच येत नाही.

मशीनशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी तक्त्यांकडे विशेष लक्ष द्यावं. इथली चूक नुसती गैरसोय करून थांबत नाही, जॉब बाद करते. आटे पाडायच्या ड्रिलचा तक्ता घ्या. एम १० च्या, म्हणजे १० मिमी व्यासाच्या, साध्या आट्याला पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ आणि ड्रिल ८.५ मिमी. तोच एम १० बारीक आट्याचा, १.२५ पिचचा असेल तर ड्रिल साधारण ८.८ मिमी. एम १२ ला पिच १.७५ आणि ड्रिल १०.२. आता रीडर मोड (जाहिराती वगैरे काढून नुसता मजकूर दाखवणारी सोय) लावून हे पान सेव्ह केलं असेल, तर रीडर मोड अनेकदा तक्ता विस्कटून टाकतो किंवा सरळ गाळतो. पीडीएफ केली असेल तर उजवीकडचा रकाना कागदाबाहेर जाऊन कापला जातो. पिचचा रकाना कापला गेला तर समोर एम १० आणि दोन वेगवेगळे आकडे उरतात, आणि घाईत ऑपरेटर त्यातला एक उचलतो. माझं स्पष्ट मत आहे की आकड्यांच्या तक्त्यासाठी रीडर मोड वापरूच नये. फोन आडवा धरा, सगळे रकाने मथळ्यासकट दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या आणि तो मूळ पानाशी ताडून बघा. पीडीएफच हवी असेल तर प्रिंटच्या चौकटीत कागद आडवा निवडा. आणि चालू मशीनपाशी उभं राहून फोन वाचू नका. आकडा आधी बघा, वहीत लिहा, मग मशीनकडे जा.

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. कन्नड बोलायला अडत नाही, पण छापील कन्नड वाचताना थांबावं लागतं, अशी माणसं बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पुष्कळ आहेत. सरकारी सूचना, वीज खात्याची पानं, कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या जमीन नोंदींच्या साइटवरचा उतारा हे सगळं कन्नडमध्ये. घरी क्रोममध्ये भाषांतर करून वाचलेलं पान कामावर पुन्हा कन्नडच दिसतं, कारण ते भाषांतर नेटवरून होत असतं. त्यावर दोन उपाय आहेत. भाषांतर झालेलं पान समोर असतानाच शेअरमधून प्रिंट निवडून पीडीएफ करा. दुसरा उपाय म्हणजे गूगल ट्रान्सलेट ॲपमध्ये कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा आधीच डाउनलोड करून ठेवणं. मग सेव्ह केलेल्या पानातला मजकूर कॉपी करून नेटशिवाय भाषांतर करता येतं. नेटशिवायचं भाषांतर थोडं कच्चं असतं, आणि जमिनीच्या, कायद्याच्या शब्दांत हमखास घसरतं. म्हणून मूळ कन्नड पानही सोबत ठेवा आणि शंका आली तर कन्नड वाचणाऱ्या सहकाऱ्याला दाखवा. उताऱ्याची सेव्ह केलेली प्रत माहितीपुरती असते, अधिकृत कामाला ती चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

शिनोळीला किंवा चंदगडच्या बाजूला कामाला जाणाऱ्यांचा फोन कर्नाटकाचा टॉवर सोडून महाराष्ट्राचा पकडतो. काही फोनमध्ये डेटा रोमिंग बंद असलं की तिथे रेंज भरपूर दिसूनही नेट चालत नाही. ते बटण एकदा बघून घ्या.

कोणत्या ॲपवर भरवसा ठेवायचा, याबद्दल जुने सल्ले आजही फिरत असतात. पॉकेट हे लेख साठवण्याचं लोकप्रिय ॲप मोझिलाने २०१७ मध्ये विकत घेतलं होतं, ते ८ जुलै २०२५ ला बंद झालं. ऑम्निव्होर हे तसंच ॲप त्याआधीच, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झालं होतं. लेख दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवण्यात हा धोका कायम असतो. जे महिनोन्महिने लागणार आहे ते पीडीएफ करून आपल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एक प्रत मेमरी कार्डवर टाका. सर्वसाधारण माहितीसाठी किविक्स हे नेटशिवाय वाचायचं ॲप उत्तम आहे. आख्खा मराठी विकिपीडिया त्यात एका फाइलमध्ये मिळतो. इंग्रजी मात्र चित्रांसकट १०० जीबीहून मोठा आहे, तो घेण्याच्या भानगडीत पडू नका. मोठी फाइल कार्डवर जात नसेल तर कार्ड एफएटी ३२ पद्धतीचं आहे का ते बघा. त्यात ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही.

जागा कमी पडली म्हणून ‘क्लीनर’ ॲप चालवणं हे आणखी एक मोठं नुकसान. सेटिंग्जमध्ये ‘क्लीअर कॅश’ आणि ‘क्लीअर स्टोरेज’ ही बटणं शेजारीशेजारी असतात. दुसरं दाबलं की त्या ॲपच्या पोटात साठवलेले लेख जातात.

सेव्ह केलेलं पान जिथल्या तिथे थांबतं. कंपनीने मॅन्युअल सुधारलं, औषधाच्या डोसची सूचना बदलली, तरी तुमच्याकडे जुनंच राहतं. फाइलच्या नावातच तारीख घाला आणि डोस, दाब, व्होल्टेज अशा गोष्टी दर महिन्याला नव्याने उतरवा. कंपनीच्या लॉगिनमागची पानं, पेशंटची नावं असलेल्या याद्या मात्र स्वतःच्या फोनवर सेव्ह करू नका. फोन हरवला तर सेव्ह केलेल्या प्रतीला पासवर्ड नसतो.

जुन्या डीटीपी (छपाईच्या, युनिकोड नसलेल्या) फॉन्टमधल्या मराठी पीडीएफमध्ये शोध चालत नाही, शब्द टाकून आधीच बघा.

सहकाऱ्याला पान पाठवायचं असेल तर क्रोमची डाउनलोड केलेली फाइल पाठवू नका, अनेक फोनवर, विशेषतः आयफोनवर, ती नीट उघडत नाही. पीडीएफ पाठवा. तक्त्याचा स्क्रीनशॉट असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि ८.५ चं ८.६ वाचलं जाण्याइतके आकडे पुसट होतात.