हिमचादरीखालचे प्रवाहमार्ग अभ्यासताना या चुका टाळा

साताऱ्यात भूगोल शिकवताना एक अडचण दरवर्षी समोर येते. विद्यार्थ्यांनी पाहिलेले पाणी नेहमी उतारानेच गेलेले असते. कृष्णा महाबळेश्वरहून वाईकडे उतरते, माहुलीला वेण्णेला सामावून घेते, कऱ्हाडला समोरून येणाऱ्या कोयनेला भेटून सांगलीकडे वळते, आणि या वाटेत ती कुठेही चढ चढत नाही. हीच नजर घेऊन डेन्मार्क, कॅनडा किंवा अंटार्क्टिकाचा नकाशा वाचायला बसले, की बर्फाखालच्या वितळपाण्याने कोरलेले मार्ग एक तर ओळखू येत नाहीत किंवा भलत्याच कारणाला चिकटवले जातात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रवाहाची दिशा जमिनीच्या उतारावरून ठरवणे. हिमचादरीच्या, म्हणजे विस्तीर्ण जमीन झाकणाऱ्या जाड बर्फथराच्या, तळाशी पाणी कोंडलेले असते आणि त्यावर बर्फाचा भार असतो. १००० मीटर जाडीचा बर्फ तळावर सुमारे ९१७ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब टाकतो. त्यामुळे पाणी, वाटेत जमीन चढती असली तरी, जाड बर्फाकडून पातळ बर्फाकडे ढकलले जाते. सांगली जिल्ह्यातील ताकारी आणि म्हैसाळ उपसा योजनांत कृष्णेचे पाणी बंद नळातून चढावर जाते ते दाबामुळेच. तेथे दाब पंप देतो, येथे तो बर्फाचे वजन देते. बर्फ आणि पाणी यांच्या घनता घालून गणित मांडले, तर बर्फाच्या पृष्ठाचा उतार तळाच्या उतारापेक्षा सुमारे ११ पट प्रभावी ठरतो. पृष्ठ १०० मीटरमागे १ मीटर उतरत असेल, तर पाणी थोपवण्यासाठी तळाची जमीन तेवढ्याच अंतरात सुमारे ११ मीटर चढावी लागेल. म्हणूनच अशा मार्गाचा उभा छेद, म्हणजे त्याच्या लांबीवरचे चढउतार दाखवणारी रेषा, काढला की तो खाली, वर आणि पुन्हा खाली असा येतो. छेद चुकला असे समजून अनेक विद्यार्थी ती रेषा ओढूनताणून उतरती करतात, आणि नेमकी तीच खूण पुसून टाकतात जिच्यावरून हा मार्ग नदीचा नाही हे सर्वांत भरवशाने सांगता आले असते. मार्गाच्या वरच्या टोकाला पाणलोट क्षेत्र नसणे, तो अचानक सुरू होऊन अचानक संपणे, मधला जलविभाजक ओलांडून जाणे, याही खुणा याच नियमातून येतात.

एवढ्या थंडीत द्रवरूप पाणी आलेच कुठून, हा प्रश्न रास्त आहे, पण म्हणून ‘तळाशी सगळे गोठलेले असते’ असे लिहू नये. दाबाने बर्फाचा द्रवणांक खाली येतो, भूगर्भातील उष्णता आणि सरकणाऱ्या बर्फाचे घर्षण त्यात भर घालतात, आणि ग्रीनलंडसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पृष्ठावरचे पाणी उभ्या विवरांतून थेट तळापर्यंत पोहोचते. अंटार्क्टिकातील व्होस्टोक सरोवर तर सुमारे ४ किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली द्रवरूपात आहे.

दुसरा गोंधळ कोरीव मार्गांच्या प्रकारांचा. पाणी वरच्या बर्फात बोगदा वितळवते त्याला रॉथलिसबर्गर मार्ग म्हणतात, आणि खालच्या खडकात चर खोदते त्याला नाय मार्ग. पहिल्या प्रकारात दोन क्रिया एकमेकींविरुद्ध चालू असतात: वाहत्या पाण्याच्या घर्षणाची उष्णता बोगद्याच्या भिंती वितळवते आणि भाराखाली दबलेला बर्फ संथपणे आत येऊन तो बुजवतो. बर्फ गेल्यावर हा बोगदा उरत नाही. त्यात साचलेल्या वाळू-गोट्यांचा लांबलचक, नागमोडी बांध उरतो, तो एस्कर. म्हणजे मार्ग होता तेथे आज उंचवटा दिसू शकतो, हे ध्यानात ठेवावे. खडकातला चर मात्र टिकतो, आणि तो पाण्याच्या उष्णतेने नव्हे, तर दाबाखाली वेगाने वाहणाऱ्या पाण्यातल्या गोट्यांनी आणि वाळूने घासून तयार होतो. आपल्या नद्यांच्या पात्रात रांजणखळगे पडतात त्याच रीतीने.

काळा खडक दिसला की सह्याद्रीशी तुलना करण्याचा मोह होतो. अंटार्क्टिकातील राइट दरीत ‘लॅबिरिंथ’ नावाचे चरांचे जाळे आहे. त्यातले काही चर ६०० मीटरपर्यंत रुंद आणि २५० मीटरपर्यंत खोल असून ते बेसाल्टच्याच कुळातल्या डोलेराइट खडकात कोरलेले आहेत. तरीही कास किंवा पाचगणीच्या परिसरातील दऱ्यांना असे कारण देणे चूक आहे, कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या लाव्हाथरांवर हिमचादर कधीच पसरली नव्हती. महाराष्ट्रात हिमयुगाच्या खुणा आहेत, पण त्या चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे, आणि त्या सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे हा लाव्हा येण्याच्या फार आधीच्या.

उपग्रहाच्या उंचीनकाशावर काम करताना आणखी एक फसगत होते. उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कमधील बोगदादऱ्या, म्हणजे पूर्वीच्या हिमचादरीखालच्या पाण्याने कोरलेल्या दऱ्या, कुठे सरोवरांनी, कुठे गाळाने भरल्या आहेत. नकाशा पाण्याची किंवा गाळाची पातळी दाखवतो, कोरलेला तळ दाखवत नाही. त्यामुळे शेकडो मीटर खोल दरी सपाट वाटते. अशा ठिकाणी सरोवराची खोली आणि विंधनविहिरींच्या नोंदी पाहाव्यात. शिवाय बर्फाचा भार गेल्यावर जमीन वर येते. बोथनियाच्या आखाताच्या उत्तरेकडे ती आजही वर्षाला सुमारे १ सेंटीमीटर उचलली जात आहे, म्हणून आजचा उतार त्या काळचा धरू नये.

वर्गातल्या प्रतिकृतीबद्दल स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. ट्रेमधल्या वाळूवर बर्फाची लादी ठेवली, तर पाणी कडेने निघून जाते आणि चर पडत नाही. मी दोन वर्षे हीच चूक केली. त्याऐवजी ओल्या बारीक वाळूवर जाड काच ठेवावी, तीन कडा चिकणमातीने बंद कराव्यात आणि बंद बाजूने, थोड्या उंचीवरच्या बादलीतून, नळीने पाणी सोडावे. बादली फार वर ठेवली तर काच उचलली जाते आणि पाणी पातळ थरासारखे पसरून जाते. तसे झाल्यास काचेवर विटा ठेवाव्यात आणि बादली खाली घ्यावी. चर पडू लागल्यावर ट्रेचे बाहेरचे टोक किंचित उचलून पाहावे. पाणी चढावर जाताना दिसते, आणि मुले त्या क्षणी वाकून काचेखाली पाहू लागतात. काच वितळत नाही आणि आतही येत नाही, त्यामुळे या प्रतिकृतीवरून फक्त खाली कोरला जाणारा चर समजावून द्यावा, बर्फातला बोगदा नाही.