चालू स्क्रिप्टमधल्या क्लासेसची यादी: पायथनला नाव नको, गाव विचारा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाची हिशेबपट्टी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बसवून दिली आहे. हळदीचा भाव क्विंटलला, बेदाण्याचा किलोला, शिवाय हमाली-तोलाईचं गणित प्रत्येक मालाचं निराळं. म्हणून मालागणिक एक क्लास, म्हणजे त्या मालाच्या हिशेबाचा साचा: हळदपट्टी, बेदाणापट्टी, गूळपट्टी. सगळ्यांचा मूळ क्लास पट्टी. स्क्रिप्ट उघडली की दिवाणजींना समोर मेनू लागतो. नवा माल आला की क्लास लिहा, आणि पुन्हा वर जाऊन मेनूत त्याचं नाव घाला, ही दुहेरी हमाली मला मान्य नाही. आपल्यात कुठले क्लास आहेत ते स्क्रिप्टनेच चालता चालता सांगावं.

खाली पायथनचे शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. तुम्ही टाइप करताना ते नेहमीच्या रोमन अक्षरांत करा. क्लासची नावं मात्र पायथन ३ मध्ये खरोखर देवनागरीत चालतात.

डेफ माझे_क्लास():
    सापडले = {}
    फॉर वस्तू इन ग्लोबल्स().व्हॅल्यूज():
        इफ इझइन्स्टन्स(वस्तू, टाइप) अँड वस्तू.__मॉड्यूल__ == __नेम__:
            सापडले[वस्तू.__नेम__] = वस्तू
    रिटर्न सापडले

सगळी मेख त्या 'अँड'च्या पुढे आहे. पायथनमध्ये क्लास हीसुद्धा एक वस्तूच, तिचा प्रकार 'टाइप'. त्यामुळे नुसतं 'टाइप आहे का' एवढंच विचारलं तर यादीत डेसिमल येतो, डेट येतो. वर फ्रॉम-इम्पोर्टने जे जे क्लास आणलेत ते सगळे येतात, आणि दिवाणजींना 'डेसिमल' नावाचा माल दिसतो. पण प्रत्येक क्लास आपलं गाव बरोबर घेऊन फिरतो, ते म्हणजे त्याचं __मॉड्यूल__, तो ज्या फाइलीत लिहिला गेला तिचं नाव. डेसिमलचं गाव 'डेसिमल', डेटचं 'डेटटाइम', आणि आपल्या फाइलीत जन्मलेल्यांचं गाव म्हणजे या फाइलीचं __नेम__. तिथे '__मेन__' असं ठोकून लिहू नका. फाइल थेट चालवली तर ते बरोबर ठरतं, पण तीच फाइल चाचणीसाठी दुसरीकडे इम्पोर्ट केली की __नेम__ बदलून फाइलीचं नाव होतं आणि यादी रिकामी येते.

हा लूप फंक्शनच्या आत ठेवण्यालाही कारण आहे. बाहेर, थेट फाइलीच्या पातळीवर लिहिला तर 'वस्तू' हे लूपमधलं नावच ग्लोबल्समध्ये, म्हणजे फाइलीतली सगळी नावं ठेवणाऱ्या डिक्शनरीत (नाव आणि त्याची वस्तू अशा जोड्यांच्या यादीत), नव्याने जमा होतं, आणि डिक्शनरी फिरताना तिचा आकार बदलला म्हणून पायथन रनटाइम एरर देतो. बाहेरच लिहायचा हट्ट असेल तर आधी लिस्ट() करून घ्या.

इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं गेटमेंबर्स वापरा, असा सल्ला सर्रास मिळतो. चुकीचा नाही, पण ते यादी नावाने लावून देतं. त्यात गुळाची पट्टी आधी आणि हळद शेवटी. दुकानाची निम्मी उलाढाल हळदीची असताना असा मेनू कोण चालवून घेईल? शिवाय ही लावणी युनिकोडच्या, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या, क्रमांकांनी होते, तिथे ळ हा ल आणि व यांच्या मधे बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. ग्लोबल्समधला क्रम मात्र तुम्ही ज्या क्रमाने क्लास लिहिले तोच असतो, आणि पायथन ३.७ पासून तशी हमी आहे.

देवनागरी नावांची एक खोड सांगून ठेवते. 'शेतकऱ्याचीपट्टी' हे नाव काही कीबोर्ड र, हलंत, न दिसणारं जोडचिन्ह आणि य असं टाइप करतात. ते जोडचिन्ह पायथनला नावात चालत नाही, स्क्रिप्ट सुरूच होत नाही. खालच्या टिंबाचा ऱ वापरून टाइप केलं की बिनतक्रार चालतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून शोधताना घाम फुटतो.

यादी केव्हा मागता यालाही महत्त्व आहे. क्लासची ओळ चालून झाल्याशिवाय तो क्लास अस्तित्वातच नसतो. म्हणून हाक फाइलीच्या तळाशी मारा. क्लासच्या पोटातला क्लास किंवा फंक्शनच्या आत लिहिलेला क्लास या यादीत येत नाही. मेनूसाठी तेच बरं.

इतकं असलं तरी मेनूसाठी मी ही पद्धत ठेवलेली नाही. चालू स्क्रिप्टमध्ये डोकावायला, काही अडलं तर तपासायला ती उत्तम. मेनूत मात्र मूळ 'पट्टी'ही येते, एखादा मदतनीस क्लासही घुसतो, आणि मग गाळण्यांवर गाळण्या. त्यापेक्षा क्लासने जन्मतःच आपली नोंद करावी:

क्लास पट्टी:
    नोंद = {}
    डेफ __इनिट_सबक्लास__(सीएलएस, **बाकी):
        सुपर().__इनिट_सबक्लास__(**बाकी)
        पट्टी.नोंद[सीएलएस.__नेम__] = सीएलएस

ही सोय पायथन ३.६ पासून आहे. पट्टीवरून कुणीही क्लास काढला, अगदी नातवंड असलं तरी, हे आपोआप चालतं. पट्टी स्वतः नोंदीत येत नाही. पट्टी.__सबक्लासेस__() विचारूनही काम भागतं, पण ते फक्त थेट मुलं सांगतं, नातवंडांसाठी पुन्हा खाली उतरावं लागतं.

नोंद डिक्शनरीतच ठेवा, लिस्टमध्ये नको. डेटाक्लासला (मुख्यतः माहिती साठवायच्या क्लासला) स्लॉट्स=ट्रू दिलं की पायथन आतल्या आत त्याच नावाचा दुसरा क्लास तयार करतो आणि नोंद दोनदा होते. डिक्शनरीत दुसरी पहिलीच्या जागी बसते. लिस्टमध्ये मेनूत बेदाणा दोनदा दिसेल.

पुढेमागे प्रत्येक पट्टी वेगळ्या फाइलीत गेली, तर ती फाइल इम्पोर्ट होईपर्यंत नोंदीला तिचा पत्ता नसतो. तेव्हा सगळ्या पट्ट्या एका फोल्डरमध्ये, म्हणजे पॅकेजमध्ये ठेवा, पीकेजीयुटिलच्या इटर_मॉड्यूल्सने त्यातली नावं काढा आणि इम्पोर्टलिबच्या इम्पोर्ट_मॉड्यूलने एकेक फाइल आत घ्या. मेनू छापायचा तो त्यानंतर.